रक्ताची पत्रिका

नागपूरच्या धरमपेठेत लग्नं जुळवणाऱ्या बायकांची एक अख्खी पिढी मी जवळून पाहिली. लक्ष्मीभुवन चौकापासून गोकुळपेठच्या बाजारापर्यंत कोणाच्या घरी मुलगी लग्नाची आहे, कोणाचा मुलगा भिलाईला लागला, कोणाचा अंबाझरीच्या ऑर्डनन्समध्ये, हे सगळं त्यांना तोंडपाठ असे. कापडी पिशवीत पत्रिकांची पुडकी असत. गुण किती जुळले, मंगळ आहे का, नाडी एक तर नाही ना, एवढं पाहून झालं की मग पोह्यांचा कार्यक्रम ठरायचा. ‘एकनाडी म्हणजे रक्तगट एक, म्हणून संतती दुबळी’ असं सांगणारे गुरुजीही तेव्हा होते, आजही आहेत. रक्तगटाचा आणि नाडीचा काडीइतकाही संबंध नाही. मी आयुष्यभर रक्त तपासत आले, म्हणून हे ठामपणे सांगू शकते.

मी सरकारी प्रयोगशाळेत टेक्निशियन होते. निवृत्तीनंतर धरमपेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर लग्नाळू मुलामुलींचे सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाचे रिपोर्ट वाचून समजावून सांगते. पांढराबोडीतून, तेलंगखेडीकडून, कधी थेट गडचिरोलीहून लोक येतात. हल्ली मात्र दुसऱ्याच एका प्रश्नाने माझी ओसरी भरते. गर्भ तयार होण्याआधीच जीन बदलून मूल हवं तसं करता येणार म्हणे, मग हे सगळं कशाला?

माणसाच्या बीजात फेरफार करून पुढच्या पिढ्या ‘सुधारण्याला’ माझा विरोध आहे. आजारी माणसाच्या शरीरातल्या पेशी दुरुस्त करणं वेगळं. ते व्हावं, लवकर व्हावं आणि गरिबाला मिळावं. पण जन्माला न आलेल्याचा आणि त्याच्या मुलानातवंडांचा रक्ताचा मजकूर आपण आधीच लिहून ठेवणं, हे मला मान्य नाही. गेल्या शंभर वर्षांत ‘चांगली संतती’ या नावाखाली आपल्याकडे आणि जगात जे झालं, ते ध्यानात ठेवून मी हे म्हणते.

त्यासाठी 1927 या सालाकडे जावं लागतं. त्या वर्षी मुंबईच्या तारापोरवाला प्रकाशनाने ना. सी. फडक्यांचं एक इंग्रजी पुस्तक काढलं: ‘सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया’. भारतात सुप्रजननाची चळवळ उभी राहिली पाहिजे, ही मागणी त्याच्या उपशीर्षकातच होती, आणि प्रस्तावना अमेरिकेतल्या संततिनियमनाच्या पुढारी मार्गारेट सँगर यांची होती. पुढे ‘जादूगार’ आणि ‘दौलत’ लिहून घराघरांत पोचलेले हेच ते फडके. आमच्या आई-मावश्यांनी त्यांच्या कादंबऱ्या वाचनालयातून आणून पाळीपाळीने वाचल्या, पण हे पुस्तक त्यांच्यापैकी कोणी पाहिलं असेल असं वाटत नाही. फडके काही दुष्ट माणूस नव्हते. जगातल्या सुशिक्षितांना तेव्हा जे पुरोगामी वाटत होतं, तेच त्यांनाही वाटत होतं. इंग्लंडच्या फ्रान्सिस गॉल्टनने 1883 साली या विचाराला नाव दिलं होतं. चांगल्या वाणाच्या माणसांनी जास्त मुलं जन्माला घालावी, हलक्या वाणाच्यांनी कमी, म्हणजे समाज आपोआप सुधारेल, असा त्याचा सरळ हिशेब. चांगला वाण कोणता हे ठरवणारे मात्र नेहमी स्वतःला चांगल्या वाणाचे समजणारेच निघाले.

त्याच 1927 च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियातल्या कॅरी बक नावाच्या तरुणीची सक्तीने नसबंदी करायला परवानगी दिली. ती मंदबुद्धी, तिची आई मंदबुद्धी आणि तिची तान्ही मुलगीही तशीच निघणार, असं सरकारचं म्हणणं होतं. ती तान्ही मुलगी, व्हिव्हियन, पुढे शाळेत गेली, चांगल्या मुलांच्या यादीत तिचं नाव लागलं आणि आठव्या वर्षी आजाराने वारली. अमेरिकेत अशा कायद्यांखाली 60 हजारांहून अधिक माणसांची नसबंदी झाली.

आणि त्याच 1927 च्या जुलैत र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. संततिनियमनाचं केंद्र त्यांनी मुंबईत 1921 सालीच काढलं होतं. कर्वे आणि फडके यांची नावं संततिनियमनाच्या इतिहासात शेजारीशेजारी घेतली जातात, पण त्या एका चळवळीत दोन अगदी निरनिराळे प्रवाह होते. बाईला किती मुलं हवीत, कधी हवीत, हवीतच का, हे तिने ठरवावं, हा एक. समाजाला कोणत्या प्रकारची मुलं हवीत हे जाणकारांनी ठरवावं, हा दुसरा. पहिल्याने बाईच्या हाती अधिकार दिला, दुसऱ्याने तो काढून घेतला. माझी सगळी भूमिका या एका फरकावर उभी आहे. आज जीन बदलण्याची भाषा करणारे ‘आईबापांचं स्वातंत्र्य’ म्हणून पहिल्या प्रवाहाचे कपडे घालून येतात. बोलतात मात्र दुसऱ्याची भाषा.

कर्व्यांच्याच घरातली पुढची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. र. धों.च्या धाकट्या सावत्र भावाची, दिनकर कर्व्यांची पत्नी इरावतीबाई 1928 साली पीएच.डी.साठी बर्लिनला गेल्या. तिथली कैसर विल्हेल्म संस्था मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांच्या अभ्यासासाठी नुकतीच, म्हणजे पुन्हा 1927 मध्येच, स्थापन झाली होती. संचालक ऑयगेन फिशर. त्यांनी इरावतीबाईंना कवट्या मोजायला दिल्या. युरोपीय माणसाची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते, कारण त्याचा मेंदू अधिक विकसित, इतरांचं तसं नाही, अशी त्यांची अटकळ होती. विशीतल्या या मुलीने कवट्या मोजल्या, आकडे मांडले आणि वंशावंशांत असा फरक दिसत नाही असं लिहून दिलं. परक्या देशात आपल्याच मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष मांडायला काय धैर्य लागलं असेल! मी प्रयोगशाळेत वाढले आहे. साहेबांना हवा असलेला आकडा आणि यंत्रावर दिसणारा आकडा वेगळा आला की टेक्निशियनच्या पोटात काय होतं, ते मला ठाऊक आहे.

इरावतीबाई परतल्या आणि थोड्याच वर्षांत, जुलै 1933 मध्ये, जर्मनीत नसबंदीचा कायदा झाला. त्याखाली सुमारे 4 लाख माणसांची नसबंदी झाली. पुढे युद्धाच्या काळात त्याच संस्थेकडे ऑशविट्झच्या छळछावणीतून माणसांचे अवयव तपासणीसाठी येत होते. पाठवणारा होता डॉ. योझेफ मेंगेले. बर्लिनमधली ती संस्था म्हणजे कोणा माथेफिरूंचा अड्डा नव्हता. जगन्मान्य प्राध्यापक तिथे पगारावर काम करत होते.

आपल्याकडे हा विचार आला आणि जातीच्या मांडवाखाली जाऊन बसला. जातिव्यवस्था म्हणजे आपल्या पूर्वजांनी रक्त शुद्ध राखण्यासाठी केलेली शास्त्रीय योजना, असं शिकलेसवरलेले लोक म्हणू लागले. याला सर्वांत नेमकं उत्तर दिलं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, 1936 सालच्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं हे भाषण त्यांना करूच दिलं गेलं नाही, मग त्यांनी ते स्वखर्चाने छापलं. आनुवंशिकतेचे नियम शास्त्रज्ञांना आत्ता कुठे कळू लागलेत, तर हजारो वर्षांपूर्वी जाती पाडणाऱ्यांना ते कुठून माहीत असणार, असा त्यांचा सवाल होता. पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार वंशाने एकच आहेत, मग कोणतं रक्त कोणापासून राखायचं? आणि लग्नबंदी रक्तासाठी आहे असं घटकाभर मानलं, तरी एका पंक्तीत जेवायला बंदी कशासाठी? वकिलाने साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी, तसा एकेक दावा त्यांनी मोडून काढला.

हेच बाबासाहेब 1934 साली ‘समाजस्वास्थ्य’वरच्या अश्लीलतेच्या खटल्यात र. धों. कर्व्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले होते, आणि 1938 साली मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव त्यांच्याच पक्षाने आणला. बाईच्या हाती अधिकार द्यायला ते तयार होते. रक्ताची प्रतवारी लावणाऱ्यांना मात्र त्यांनी दारातच अडवलं. धरमपेठेतून पायी जाता येईल इतक्या अंतरावर दीक्षाभूमी आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला तिथे जन्माने मिळालेली पायरी लाखोंनी नाकारली. जन्माआधीच माणसाची पायरी ठरवणारं तंत्र आज पुन्हा कोणी आणत असेल, तर नागपूरच्या माणसाने त्याकडे जास्त बारकाईने पाहायला हवं.

आता सिकलसेलबद्दल. हा माझ्या हातांनी केलेल्या कामाचा विषय आहे.

नागपूरचं मेडिकल कॉलेज 1947 मध्ये सुरू झालं. तिथल्या शुक्ला आणि सोळंकी या दोघांनी 1958 साली ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली. त्याआधी 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत हा दोष सापडला होता, म्हणून तो डोंगरातल्या लोकांचा आजार अशी समजूत होती. नागपूरने दाखवून दिलं की तो गावशहरातही आहे, अनेक जातींत आहे. पुढे विदर्भात जसजशा तपासण्या वाढल्या, तसतसा तो महार, कुणबी, तेली, गोंड अशा कितीतरी समाजांत दिसत गेला. धरमपेठेतल्या बंगल्यांत मात्र ‘आमच्यात नसतं ते’ हेच वाक्य मी आयुष्यभर ऐकलं.

आम्ही तपासणी कशी करत होतो ते सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्यात आहे. काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, त्यावर सोडियम मेटाबायसल्फाइटच्या ताज्या द्रावणाचा थेंब, वर कव्हरस्लिप. तिच्या चारी कडा व्हॅसलिनने बंद करायच्या, म्हणजे आत हवा जायची नाही. आणि थांबायचं. पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली गोल गोल पेशी दिसतात, मधे जराशा फिकट. अर्ध्या तासाने पुन्हा पाहिलं की काहींना टोकं फुटलेली असतात. आणखी वेळ गेला की विळ्यासारख्या, काही हॉली नावाच्या झाडाच्या काटेरी पानांसारख्या अणकुचीदार. पेशीतला प्राणवायू संपतो आणि आतलं हिमोग्लोबिन काड्यांसारखं रचलं जातं, म्हणून पेशी वाकते. त्या प्रथिनाच्या लांबच लांब साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलेलं असतं, हे व्हर्नन इन्ग्रमने 1957 मध्ये शोधलं. एका जागची एवढीशी अदलाबदल, आणि त्यापायी एखादं पोर रात्रभर हातपाय आवळून रडतं.

पण ही पट्टीची तपासणी एक गोष्ट सांगू शकत नव्हती. ज्याला आईकडून आणि बापाकडून असे दोन्ही जीन मिळाले तो रुग्ण. ज्याला एकच मिळाला तो वाहक, म्हणजे धडधाकट माणूस. पट्टीवर दोघांच्याही पेशी वाकतात. फरक कळायला इलेक्ट्रोफोरेसिस ही दुसरी तपासणी लागायची, आणि ती सगळीकडे नसायची. मग रजिस्टरमध्ये दोघांपुढेही एकच शेरा: ‘पॉझिटिव्ह’. शेजारच्या रकान्यात जात. एका तालुक्याच्या शिबिरानंतर एक शेतकरी बाप आमच्याकडे कागद घेऊन आला होता. मुलगी वाहक. नांगरटीच्या दिवसांत बापाच्या बरोबरीने राबणारी. “मॅडम, पोरगी धडधाकट हाय माह्यी,” तो म्हणाला. “कागदावर बिमारी काऊन लिहून देल्ली? पाहुणे सोयरीक मोडून राहिले ना.” त्या कागदावर शेरा माझ्या अक्षरात होता. नियमाप्रमाणे लिहिलेला, आणि तरी त्या मुलीपुरता खोटा. दुसरी तपासणी करून नवा कागद दिला, वाहक म्हणजे काय ते समजावलं. सोयरीक काही परत आली नाही.

हे फक्त विदर्भातच घडलं असं नाही. ग्रीसमध्ये ओर्कोमेनोस नावाच्या गावात 1970 च्या सुमारास घरोघर सिकलसेलची तपासणी झाली. उद्देश चांगला: वाहकांनी वाहकांशी लग्न करू नये. काही वर्षांनी पाहिलं तर वाहकांना कमी लेखलं जात होतं. काहींनी रिपोर्ट लपवले होते, आणि ज्यांना कोणी करून घेईना असे वाहक एकमेकांशीच लग्नं करत होते. अमेरिकेत त्याच दशकात काळ्या लोकांच्या सक्तीच्या तपासण्या झाल्या, निरोगी वाहकांना विमा नाकारला गेला, हवाई दलाच्या अकादमीने 1981 पर्यंत त्यांना घेतलं नाही. आणि लायनस पॉलिंग, ज्यांनी 1949 साली सिकलसेल हा रेणूचा आजार आहे हे जगाला दाखवलं, ज्यांना रसायनशास्त्राचं आणि शांततेचं अशी दोन नोबेल मिळाली, त्यांनी 1968 मध्ये छापून सुचवलं की वाहक तरुणांच्या कपाळावर गोंदून ठेवावं, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडायचे नाहीत. अणुचाचण्यांविरुद्ध जगभर फिरलेला हा माणूस. दुःख टाळण्याच्या कळकळीनेच त्याने हे लिहिलं. कपाळावर खूण! ज्या देशात कपाळ, गळा आणि आडनाव पाहून माणसाला ओसरीवर बसवायचं की अंगणात, हे ठरत आलं, तिथे ही सूचना वाचून माझ्या अंगावर काटा आला.

दोन वाहक एकत्र का येतात, हेही पाहायला हवं. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता 25 टक्के. आणि दोन वाहकांची गाठ पडण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पिढ्यान्पिढ्या त्याच जातीत, त्याच पोटजातीत, त्याच दहावीस गावांत सोयरीक करणं. रक्त शुद्ध राहावं म्हणून जी कुंपणं घातली, त्यांनीच हा जीन आत कोंडून ठेवला आणि घट्ट केला. 1936 साली बाबासाहेबांनी जो युक्तिवाद तर्काने केला, तो मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आहे.

बरं, हा जीन तरी निखळ वाईट आहे का? अँथनी अ‍ॅलिसन यांनी 1954 साली आफ्रिकेत दाखवून दिलं की वाहकाला जिवावर बेतणाऱ्या मलेरियापासून संरक्षण मिळतं. म्हणून तो आफ्रिकेत टिकला, भूमध्य समुद्राकाठी टिकला, मध्य भारताच्या जंगलपट्ट्यात टिकला. गडचिरोलीत मलेरिया आजही आहे. ज्या जीनला आपण कलंक म्हणतो, त्याने कितीएक तान्ह्या बाळांना जगवलं, म्हणून तर तो आपल्यापर्यंत पोचला. उद्याचं हवामान, उद्याचे रोग आपल्याला माहीत नाहीत. कोणता जीन कायमचा नकोसा, हे आजच्या आज ठरवण्याइतकं आपल्याला कळतं, असं मला वाटत नाही.

यावर ‘कायदा करू, फक्त गंभीर आजारापुरतंच वापरू’ असं उत्तर येतं. महाराष्ट्राने हे उत्तर एकदा आजमावलं आहे. गर्भजल तपासणी 1970 च्या दशकात भारतात आली ती गर्भातले जन्मजात दोष शोधण्यासाठी. थोड्याच वर्षांत त्याच सुईने मुलगा की मुलगी एवढंच पाहिलं जाऊ लागलं. मुंबईतल्या कार्यकर्त्या बायकांनी त्याविरुद्ध रान उठवलं आणि 1988 मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा 1994 ला आला. तोवर सोनोग्राफी आली होती. सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली महाराष्ट्रात 1991 ला 946, 2001 ला 913, 2011 ला 894. बीड जिल्ह्यात 807. हे कोणा हुकूमशहाने केलं नाही. प्रत्येक जोडप्याने आपापल्या घरात, दार लावून, स्वतःच्या मर्जीने निवड केली, आणि त्या लाखो खासगी निवडींची बेरीज जर्मनीच्या कायद्यासारखीच निर्दय निघाली. मर्जी तरी कोणाची? सासूची, हुंड्याची, सातबाऱ्यावरच्या वारसाची. रंग, उंची, बुद्धी असं निवडायला मिळालं, तर आपल्याकडचे लोक काय निवडतील हे सांगायला ज्योतिषी नको. रविवारच्या वर्तमानपत्रातल्या ‘वधू पाहिजे’च्या जाहिराती वाचाव्यात. अमेरिकेत काही कंपन्या प्रयोगशाळेतल्या गर्भांना आजारांच्या शक्यतेचे, अगदी बुद्धीचेसुद्धा गुण लावून आईबापांपुढे यादी ठेवू लागल्या आहेत. छत्तीस गुणांची पत्रिका गेली आणि ही आली.

जीन कापून बदलण्याची क्रिस्पर नावाची कात्री 2012 मध्ये हाती आली. सहाच वर्षांत, नोव्हेंबर 2018 मध्ये, चीनच्या ह च्यान-क्वे याने जाहीर केलं की एड्सच्या विषाणूला दाद न देणाऱ्या जुळ्या मुली आपण जन्माला घातल्या. बाप एचआयव्हीबाधित होता, पण मुलींना लागण होऊ नये यासाठी आधीच साधे, सुरक्षित उपाय उपलब्ध होते. जो बदल करायचा होता तो नेमका झालाही नाही. सगळ्या पेशींत सारखा झाला की नाही, याचीही खात्री नाही. त्याला तीन वर्षांची कैद झाली. त्या मुली आता शाळेत जात असतील. त्यांच्या शरीरात जे काही बदललं आहे, ते त्यांच्या लेकरांतही उतरू शकतं.

विदर्भाने जीन बदललेलं एक बियाणं पाहिलंच आहे. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. सुरुवातीची काही वर्षं बोंडअळी मागे हटली, नंतर गुलाबी बोंडअळी त्यालाही सरावली आणि 2017 च्या हंगामात यवतमाळपर्यंत बोंडं सडली. शेतकरी निदान पुढच्या वर्षी दुसरं वाण लावू शकतो. लेकरांच्या बाबतीत पुढचा हंगाम नसतो.

माझ्या ओसरीवर पांढराबोडीचं एक जोडपं आलं होतं, लग्न ठरलेलं, दोघेही वाहक. सोबत मुलाची आई. तिचा एक मुलगा या आजारानेच गेलेला. मी चार चिठ्ठ्या मांडून गणित समजावलं. ती माउली शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “हे मुळातूनच काढून टाकता येत नाही का, मॅडम? एकदाच. माह्या घरातून कायमचं.”

या बाईपुढे इतिहास सांगून भागत नाही. तिचं दुःख खरं आहे आणि तिचा प्रश्नही. मी तिला सांगितलं ते असं: निरोगी नातवंड हवं असेल तर त्यासाठी कोणाचंही बीज बदलायची गरज नाही. दहाव्या-अकराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी होते, पुढे काय करायचं हे तुमची सून ठरवेल, तुम्ही नाही आणि मीही नाही. मूल आजारी निघालंच, तर आज ते मरणाला टेकलेलं नसतं. मेडिकलच्या बालरोग विभागात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रॉक्सियुरियाच्या कमी मात्रेवर अभ्यास करून 2012 मध्ये दाखवलं की तेवढ्यानेही मुलांच्या वेदनेचे झटके कमी होतात. हे औषध गोळीतून येतं, बापाच्या ऐपतीत बसतं. फॉलिक अ‍ॅसिड, वेळेवर लसी, भरपूर पाणी, तापाला तातडीने दवाखाना. त्या बाईचा मुलगा गेला तेव्हा त्यांच्या गावात यातलं काहीच नव्हतं. जीन होताच, मारलं त्याला उपचार नसण्याने.

आणि पेशींवरची जीन-दुरुस्तीही आता आली आहे. 2023 च्या अखेरीस ब्रिटनने आणि मग अमेरिकेने सिकलसेलवरच्या क्रिस्पर उपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्या मज्जेतल्या मूळ पेशी काढायच्या, बाहेर दुरुस्त करायच्या, जोरकस औषधाने जुनी मज्जा रिकामी करून त्या परत घालायच्या. बदल त्या रुग्णापुरताच राहतो, त्याच्या मुलांत जात नाही, आणि त्याची संमती विचारता येते. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर. आपल्या दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेने स्वस्तात असाच उपचार तयार करायला घेतला आणि 2025 मध्ये त्याला बिरसा मुंडांच्या नावावरून ‘बिरसा 101’ असं नाव दिलं. मी त्याची वाट पाहते आहे, आणि माझ्यासारखे पुष्कळ जण पाहताहेत.

देशभरातली सिकलसेल निर्मूलन मोहीम 1 जुलै 2023 ला शहडोलहून सुरू झाली. 7 कोटी लोकांची तपासणी करायची, 2047 पर्यंत आजार संपवायचा. लोकांना तपासणीचा निकाल सांगणारी रंगीत कार्डं मिळताहेत. आजार संपवायचा की आजारी संपवायचे, हे त्या कार्डासोबत कोण बोलायला बसतं यावर ठरणार. आशाताईंना त्यासाठी किती दिवसांचं प्रशिक्षण मिळतं, तालुक्याला एक तरी समुपदेशक नेमला आहे का, गोळ्या संपल्या तर किती दिवसांनी येतात, यावर ठरणार.

बीजातल्या फेरफाराला भारतात आज मनाई आहे, पण ती भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांत. त्यासाठी स्वतंत्र कायदा नाही, मोडणाऱ्याला शिक्षा नाही. गर्भलिंगनिदानाच्या वेळी केंद्राच्या आधी सहा वर्षं महाराष्ट्राने कायदा केला होता, आणि तरीही उशीर झाला होता, कारण यंत्रं आधीच गल्लोगल्ली पोचली होती. या वेळी यंत्रं अजून यायची आहेत. दर हिवाळ्यात विधिमंडळाचं अधिवेशन आमच्या धरमपेठेपासून थोड्याच अंतरावर, सिव्हिल लाइन्समध्ये भरतं. येत्या अधिवेशनाला मी आणि माझ्यासोबत सिकलसेलच्या कामातल्या काही बाया एक निवेदन घेऊन जाणार आहोत. त्यात मागण्या दोनच आहेत: माणसाच्या बीजात पिढ्यान्पिढ्या उतरणारा बदल करणं हा गुन्हा ठरवा, आणि विदर्भातल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात हायड्रॉक्सियुरिया बारा महिने ठेवा.